खळ्यातली फटफटी

शेळगावात एसटी सोडल्याला तास होऊन गेला होता आणि वस्तीची निम्मी वाट अजून बाकीच होती. कालव्याच्या भरावावरून दोघं चालले होते. कौसल्याच्या हातात पिशवी होती, आणि तिला घ्यायला आलेले थोरले चुलते, जोतीराम आबा, फटफटी ढकलत होते. इंजिन धडधाकट, टाकीत पेट्रोल, तरी ते ढकलतच होते.

वाट अरुंद झाली तशी कौसल्या दोन पावलं पुढं गेली.

"म्होरं नगं जाऊ," आबा मागून म्हणाले. "माज्या संगं चाल, न्हायतर मागनं ये."

"का ओ आबा? साप-किरडू हाय का?"

"न्हाय. आपलं उगंच."

ती मागं सरली. बारामतीच्या शाळेत मास्तरीण होऊन तिला वर्ष झालं होतं. वर्गात ती कुणाचं 'उगंच' ऐकून घेत नसे, पण आबांना तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. उद्या तिच्या आईचं, सरुबाईचं, तिसरं वर्षश्राद्ध होतं.

ही फटफटी लष्करानं मोडीत काढलेली. आबांनी ती बारामतीच्या एका पेन्शनर शिपायाकडून घेतली होती. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वस्त्यावस्त्यांवर पोचवायचं काम त्यांच्याकडं होतं. शिपायानं अर्ध्या दिवसात चालवायला शिकवलं. "पळती हाय तवर ही पडत न्हाय," एवढीच त्याची शिकवण. आबा पळवायला शिकले. सावकाश चालवायला कुणी शिकवलं नाही, आणि तेही शिकायचं असतं हे कुणाला सुचलंही नाही.

तीन वर्षांमागं त्या दिवशी सरुबाई घागर भरून भरावावरून घरी येत होती. फटफटीचा आवाज आला, थोरले दीर येतात हे तिला कळलं. घरची रीत अशी, की थोरले दीर समोर आले की धाकट्याच्या बायकोनं पदर ओढून पाठ फिरवायची. ती कडेला झाली आणि पाण्याकडं तोंड करून उभी राहिली. आबांनीही आपल्या बाजूनं रीत पाळली. भावजयीच्या अंगावर धुरळा उडू नये म्हणून त्यांनी वेग कमी केला. माणसाच्या चालीवर येताच फटफटी डुलायला लागली. ते भेदरून तिच्या पाठीकडंच बघत राहिले, आणि नजर गेली तिकडं चाक गेलं. हँडलच्या मुठीचा धक्का तिच्या खांद्याला लागला. कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ. आबांना पोहता येत नव्हतं, तरी त्यांनी उडी टाकली. शेजारच्या मळ्यातल्या महिपतीनं त्यांना ओढून काढलं. सरुबाई सापडली ती खालच्या मोरीपाशी.

कौसल्याचे वडील दत्तोबा भावाला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

लोकांना वाटलं, आता फटफटी विकली जाणार. आबांनी चिठ्ठ्यांचं काम सोडलं, फटफटी ठेवली. सकाळी देवापुढं दिवा लागला की ते ती खळ्यात नेत आणि मळणीच्या तिवड्याभोवती, मधल्या खांबाभोवती बैलं फिरतात तशी, फिरवत. क्लच अर्धा दाबलेला, पाय मागच्या ब्रेकवर, नजर चाकाकडं नाही तर लांबच्या बाभळीच्या शेंड्याकडं. पुढं ते टाकीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवू लागले. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून.

बांधावरून महिपती ओरडायचा, "जोतीराम, बैलं इकली व्हय? आवंदा मळणी पेट्रोलवर?" किंवा, "जरा हळू की गड्या, मगाशी गोगलगाय तुज्या म्होरं गेली." आबा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पण पेट्रोल भरायला शेळगावात न्यायची तरी भरावावरून ढकलतच नेत. त्या दिवसापासून खळ्याबाहेर ती त्यांनी एकदाही चालवली नव्हती.

शेंदूर फासलेल्या म्हसोबाच्या दगडापाशी वाट वळते. तिथं आबा थांबले. फटफटी स्टँडवर लावून त्यांनी टोपी काढली आणि दगडाला हात जोडले. कौसल्यानं मनात आईचं नाव घेतलं. ही जागा कुठली, हे तिला सांगावं लागलं नाही.

"कौसे," आबा पाण्याकडं बघत म्हणाले, "तू मागनं दिसलीस की तुजी आईच दिसती. चाल तीच, मान तीच. म्हनून म्हनलं म्होरं नगं जाऊ."

पिशवी खाली ठेवून ती आबांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अठरा वर्सं एका घरात काढली आमी. तिच्या हातचं खाल्लं. पर तिचं तोंड मी कदी धड बगितलं न्हवतं. बगितलं त्ये मोरीपाशी." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "आता रोज तिची पाठच म्होरं येती. खळ्यातबी. तांब्यातला थेंब सांडत न्हाय, पर ती काय हलत न्हाय तितनं."

"आबा, कुणी तुमाला बोल लावला का? मी लावला?"

"न्हाय ना. म्हनून तर." त्यांनी टाकीवरची धूळ तळव्यानं पुसली. "परवा दत्तोबाला म्हनलं, मी फटफटीवर हळू येतो, तू हुबा ऱ्हातूस का माज्या वाटंत, एकडाव. त्यो लई येळ तंबाखू मळत बसला. मग म्हनला, माज्याकडनं न्हाय व्हायचं दादा. कौसीला इचार, तिची आई हाय."

तीन वर्षांत वडिलांनी या बाबतीत काढलेले हे पहिले शब्द. ते तिच्यापाशी आले, तेही आबांच्या तोंडून.

"हुबं ऱ्हायाचं म्हंजे कुठं?"

आबांनी बोट दाखवलं. भरावाची पाण्याकडची कड, दगडापासून दहा हातांवर. तिथं खळ्यातल्यासारखा तिवडा नव्हता, नुसतं वाहतं पाणी.

"पडलात तर?" ती म्हणाली.

"मग मी पुन्ना बसनार न्हाय हिच्यावर. आन् तू न्हाय म्हनलीस तरी माजं काय म्हननं न्हाय, जाऊ ढकलत घरला." त्यांनी मूठ धरली, पण किक मारली नाही. "मानसाच्या चालीनंच येतो मी. तू फकस्त तितं माज्याकडं तोंड करून हुबी ऱ्हा, पोरी. मी जवळ आलो तरी पाठ फिरवू नगंस."