आखणी झाल्यावरच मूर्ती

आमच्या हमरापुरात मूर्तीचे डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. आमच्या गणपतीच्या कारखान्यात ती माझी बायको करायची. तिचा एकच कायदा होता: डोळे उघडेपर्यंत मूर्ती म्हणायचं नाय, माती म्हणायची. गेल्या वर्षी ती गेली. ब्रश सुनेच्या हाती आला. कायदा मात्र बायकोबरोबरच गेला, असं मला वाटलं.

सून वेबसाइटही बनवते. आमच्या कारखान्याची बनवताना ती म्हणाली, "बाबा, फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा, त्याची एक रीत असते. नोंदीच्या नमुन्याला, म्हणजे मॉडेलला, 'मूर्ती' नाव दिलं की तक्ता, नंबर, तयार झाल्याची वेळ, सगळं ते आपसूक धरतं. वेगळं हवं तेवढंच आपण लिहायचं."

माझी शाळा चौथीपर्यंत. मी मान हलवली. पण साच्यातून काढून नोंद केली तेव्हाच वेबसाइटने एक गणपती 'तयार' धरला. रंग झाला होता, डोळे कोरेच होते, आणि दरवरशाचं गिऱ्हाईक 'तयार' वाचून न्यायला दारात! मी तडकलो. "तुझ्या रीतीला सांग गो, ही माती हाय!"

"ओरडू नका. आईंचा कायदा लिहिते, बाकी रीत राहूदे तशीच."

तयार झाल्याची वेळ आखणीनंतरच लागेल, असं तिने लिहिलं. मग पाट ओढून तिथेच त्या गणपतीचे डोळे आखले आणि रंगाच्या बोटाने मोबाइल दाबला. पडद्यावर 'तयार' उमटलं, मातीची मूर्ती झाली.

गिऱ्हाईकाने हात जोडले. मी खदखदून हसलो. "तुझी सासू आता कंप्युटरातूनही हुकूम सोडते!"

"व्हय. आणि तिथेही तुमचं काय चालत नाय," सून म्हणाली.