उकळलेली लाळ

देवमन मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शुक्रवारी साहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांनी बरा शेरा दिला तरच मास्तर नोकरीत कायम होणार होते. जऊळक्याला म्हातारे आईबाप, बायको भागिरथा आणि दोन लेकरं, सगळा संसार या एका पगारावर. त्यात बाप पुंजाजी, जन्मभर लोकांच्या वावरात राबलेला माणूस, गावभर सांगून मोकळा झाला होता, "माहा पोरगा पर्मनंट होऊन राह्यला." बापाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार.

साल पंचाहत्तर. साहेबांसमोर आठवीला एक प्रयोग दाखवायचा होता. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज दोन काचेच्या नळ्यांत घ्यायची, एकीत लाळ टाकायची आणि थोड्या वेळाने दोन्हींत आयोडीनचा थेंब सोडायचा. नुसती पेज निळीकाळी होते, लाळेची होत नाही. पिठातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. तोंडातल्या ग्रंथींच्या पेशी लाळेत एक प्रथिन सोडतात आणि ते ही माळ तोडतं. माळ तुटली की आयोडीनला धरायला काही उरत नाही.

आदल्या दिवशी हेडमास्तर रामकिसन सरांनी बोलावून घेतलं.

"मास्तर, लाळ कोनाची घेता?"

"माहीच, सर."

सर म्हणाले, "नळी पोराइच्या हातात जाईन, साहेबाच्या बी. अगोदर उकळून घ्या. अग्नीले इटाळ नसते."

आवाज मात्र अगदी मायेचा. पुंजाजीने छप्पन्न साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक. सर मास्तरांशेजारी बसत, हसून बोलत. लाळ तेवढी आडवी आली.

उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसं उकळलेलं प्रथिन पुन्हा कामाचं राहत नाही. हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कायम करायच्या कागदावर सही याच सरांची लागणार होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मास्तर "हो सर" म्हणाले आणि स्वतःचा राग करत बाहेर आले.

शुक्रवारी शिपाई रूपलाने लाळ स्पिरिटच्या दिव्यावर उकळून दिली. मास्तरांनी ती पेजेत टाकली, वाट पाहिली, थेंब सोडले. दोन्ही नळ्या निळ्याशार झाल्या.

"दोन्ही निळ्या कशा झाल्या, मास्तर?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला. रामकिसन सर खिडकीबाहेर बघू लागले. खरं सांगावं तर सर दुखावणार, गप्प बसावं तर मास्तराला विज्ञान येत नाही असा शेरा पडणार.

"साहेब, लाळ उकळलेली होती. तिच्यातलं प्रथिन निकामी झालं. चूक माझी, परत करून दाखवतो."

त्यांनी तिसरी नळी घेतली आणि सगळ्यांदेखत तिच्यात थुंकले. पेज ओतली. थांबण्याचा तो वेळ सरता सरेना. भागिरथेला काय तोंड दाखवायचं, हाच विचार डोक्यात घुमत होता. मग थेंब सोडला. पेज निळी झाली नाही. साहेबांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली आणि पहिल्या बाकावर दिली. पोरांच्या हातून हातात ती शेवटच्या बाकापर्यंत गेली.

शेरा चांगला पडला. साहेब गेल्यावर रामकिसन सरांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"आन मास्तर, थे नळी घरी घेऊन जा. शाळेत नोको."

सही अजून व्हायची होती.

"नळी शाळेची हाय, सर," ते म्हणाले. "धुवून बाकीच्याइत ठेवतो."

पेन कागदावर अडलं. सही होईपर्यंत मास्तर टेबलापुढून हलले नाहीत.