पेवातली वाफ

कळंबच्या पलीकडच्या एका बागायतदाराने मला फसवलं. ओल लागलेलं पेव त्याने कोरडं म्हणून विकायला काढलं आणि त्यात माझा धाकटा भाऊ गेला. गाव त्या माणसाला तात्या म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो.

मी तेव्हा बारामतीत ज्वारीचा व्यापार करायचो. त्याआधी त्याच बाजारात पोती वाहिली होती. दाणे मुठीत घेतले की माल किती जुना ते मला कळायचं. नव्वदीनंतर पेवं बहुतेक बुजून गेली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, मग अरुंद गळा, खाली खोलीएवढी पोकळी. आत ज्वारी भरून तोंड दगडमातीने लिंपून टाकायचं. पण हे जिराईत मुलखाचं काम. तात्याच्या रानात पाट आला, ऊस थेट घराच्या भिंतीला टेकला, आणि पेव मात्र होतं तिथंच राहिलं. गेल्या साली निम्मी ज्वारी काढून त्याने ते पुन्हा लिंपलं होतं.

उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही दोघं भाऊ तिथं गेलो. पेवाच्या तोंडावरचा दगड बाजूला केलेला होता. आतून आंबूस, गोडसर वास येत होता.

"कधी उघडलं?" मी विचारलं.

"परवाच. नारळ फोडला, लिंबाचं डहाळं बी फिरवलं."

पेव उघडलं की आतली कोंडलेली, जीव गुदमरवणारी वाफ निघावी म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीने वरखाली करत राहतात. तो भारा भिंतीशी पडला होता. त्याची पानं हिरवीगार होती. दोन दिवसांच्या उन्हात ती वाळायला हवी होती, पण हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

"वास कसला येतोय, तात्या?"

"जुन्या ज्वारीला अत्तराचा वास यील व्हय, शेट? घासाघीस करायची तर दाणं बघून करा की."

त्याने कंदील पेटवला आणि बैलाच्या कासऱ्याला बांधून आत सोडला. ज्योत स्थिर होती. "बघा, जळतुया. उतरा खुशाल."

तात्याने आधीच काढून ठेवलेले वरचे दाणे मी दाताखाली धरले. टणक होते.

"दादा, वरचं काय चावतुयास," भाऊ म्हणाला. "मी तळातलं आणतो." हातात बॅटरी घेऊन, भिंतीच्या खोबणीत पाय देत तो उतरला.

खालून त्याचा आवाज वाकळेतून बोलल्यासारखा आला. "लई उबारा हाय हितं." तो ज्वारीत हात घालून उकरत होता. उकरलेल्या खड्ड्यात कडेचे दाणे घरंगळत येत, खड्डा पुन्हा भरत. मग तो म्हणाला, "दादा, खाली ओलं हाय."

आणि तो बसला. पडला नाही. रानातलं काम उरकून माणूस बांधावर टेकतो, तसा सावकाश बसला. मान भिंतीला लावली. बॅटरीचा उजेड समोरच्या भिंतीवर जिथल्या तिथं राहिला.

"दम घिऊ द्या त्याला," तात्या म्हणाला.

मी हाका मारल्या. उडी टाकायला निघालो तर तात्याच्या गड्यांनी मला धरून ठेवलं. गळ टाकून भावाला वर काढला, तेव्हा त्याच्या मुठीत ज्वारी होती. काळी, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली.

तात्या लोकांना सांगत सुटला, "पेव माणूस मागतं. ज्याला बोलावतं त्यो जातोच." गावाने माना डोलावल्या.

भावाचे दिवस झाल्यावर मी एकटा परत गेलो. तात्या घरी नव्हता. पेव उघडंच होतं, आणि तोच कंदील त्याच कासऱ्यासकट खुंटीला टांगलेला होता. मी तो पेटवून पेवात सोडला. कासरा गळ्यापाशीच संपला. पोकळीपर्यंत कंदील पोचतच नव्हता.

मग मी माझी लांब दोरी बांधली. गळ्याच्या थोडं खाली ज्योत लांब झाली, वातीपासून सुटली आणि विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. धूर वर आला नाही, खालीही गेला नाही. पातेल्यातल्या दुधावर साय धरावी तसा तो आडवा पसरला आणि तिथंच तरंगत राहिला. वर काढून मी कंदील पुन्हा पेटवला. पुन्हा त्याच जागी विझला.

पाणी दिसतं, दाणे दिसतात. हे जे काही होतं ते दिसत नव्हतं, पण त्याने पेवाचा आकार घेतला होता, त्याला वरची पातळी होती, आणि ते गप्प भरून राहिलं होतं. तांब्या बुडवला असता तर भरून आला असता, असं मला वाटलं. तेवढ्यात खाली, माणूस नसलेल्या त्या पोकळीत, दाणे सरसरले. मी भित्रा माणूस नाही. पण रस्ता लागेपर्यंत त्या तोंडाकडे मी पाठ केली नाही.

तरीही पेवाने भावाला बोलावलं, असं मी म्हणणार नाही. कंदील विझला असता तर वाफ आहे हे कळलं असतं, वाफेवरून ओल कळली असती, आणि सौदा तिथंच मोडला असता. म्हणून कासरा आखूड होता. तात्या, माझी भावजय बारामतीतच राहते. तिच्या समोर येऊन बसा आणि तो कासरा कुणी, कशासाठी आखूड केला ते तुमच्या तोंडाने तिला सांगा.