गेटवरचा कॅनकॅन

नाचाचा क्लास चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, तुटलेले घुंगरू. दुसरी, लोकांचे सल्ले! घुंगरू मी डब्यात टाकते. सल्ले पोटात राहतात आणि मग ॲसिडिटी होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, चिडायचं कमी करा." म्हटलं, "मग डहाणू सोडू का?" तर आज सगळं ओकून टाकते. ऐका.

माझा क्लास डहाणू गावात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. येणाऱ्या सगळ्या कामावरच्या बायका. कुणी चिकूच्या वाडीत पॅकिंगला, कुणी चारोटीला हॉटेलात भाकऱ्या थापायला. आणि मंदा फुगा फॅक्टरीत. मूळची तलासरीकडची, वेवजीची. दिवसभर उभी राहून फुगे तपासते आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन पाय असा उचलते, की बघूनच माझी कंबर धरते!

मला कॅनकॅनचं, म्हणजे स्कर्ट उडवत पाय उंच फेकायच्या त्या फ्रेंच नाचाचं, वेड फार जुनं. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की लोकांना पिसं, सिगारेट आणि सिनेमातला व्हिलन दिसतो. अरे, जरा वाचा की! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसला मोंमार्त्रच्या टेकडीवर नाचघरं होती. तिथे नाचणाऱ्या कोण? दिवसा लोकांचे कपडे धुणाऱ्या, इस्त्र्या करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या पोरी. आणि उंच टोप्या घातलेले साहेब बग्ग्या करून त्यांना बघायला टेकडी चढायचे. हे मी बायकांना सांगितलं, तर मंदा म्हणाली, "बाई, तिथं फुगा फॅक्टरी होती का?"

"असती तर तिथल्या बायकाही नाचल्या असत्या."

"मग हा नाच आपलाच आहे. शिकवा!"

*

कॅनकॅनला लागतो घेरदार स्कर्ट, आत झालरीवर झालर. तो दोन्ही हातांनी उचलून फिरवायचा असतो. कापड घेऊन मी आमच्या नेहमीच्या टेलरकडे गेले. वयस्कर माणूस, मान वर न करता मशीन मारणारा. फोटो बघितला आणि घाम पुसायला लागला.

"बाई, हा वर उडेल हो."

"उडायलाच पाहिजे!"

"समुद्राचा वारा असतो आपल्याकडे."

"तुम्ही शिवा."

शिवला. सुरेख शिवला. पहिल्याच प्रॅक्टिसला बायकांनी स्कर्ट उचलून पाय फेकला मात्र, एकदम बोंबाबोंब! कुणी नडगी धरून बसलं, कुणी गुडघा चोळत होतं. मला कळेना. खालची पट्टी उसवून बघते तर आत शिशाच्या गोळ्या! कोळी जाळ्याला लावतात ना, जाळं बुडावं म्हणून, त्या!

मी तशीच तणतणत दुकानात गेले. तर हा माणूस शांतपणे म्हणतो, "आयाबायांची अब्रू राहावी म्हणून पदरचं शिसं घातलंय, बाई. त्याचे पैसे नका देऊ."

*

आता आमच्याकडे जमीन अधूनमधून हादरते हे सगळ्यांना माहीत आहे. डहाणू-तलासरीच्या माणसाला भांडं वाजलं तरी आधी दार आठवतं. आणि कॅनकॅनच्या शेवटी काय असतं? सगळ्या बायकांनी उंच उडी मारून दोन्ही पाय फाकवून जमिनीवर आदळायचं!

आमच्या बायका आदळल्या. खालचा हार्डवेअरवाला गल्ला सोडून रस्त्यावर! त्याच्यामागे गिऱ्हाईकं, त्यांच्यामागे शेजारचा चहावाला किटलीसकट. आम्ही खिडकीतून बघतोय तोवर सगळ्यांच्या फोनवर मेसेज: 'आत्ताच हादरा. काळजी घ्या.' सायवनहून एकाचं उत्तर, 'इकडेही जाणवला!' सायवन कुठे, माझा क्लास कुठे! लोकांना काहीही जाणवतं.

दुकानदार वर येऊन मला वाट्टेल ते बोलला. मीही सोडलं नाही. भाडं देते, फुकट नाचत नाही! शेवटी ठरलं, की आदळायच्या आधी मी वरून ओरडून सांगायचं.

पुढच्याच आठवड्यात खरा हादरा आला. पंखा डोलायला लागला तशा आम्ही जिन्यावरून धडाधड खाली. बघतो तर हा माणूस आरामात खिळे मोजतोय. वर न बघताच खेकसला, "बाई, ओरडायचं ठरलं होतं ना आपलं!"

*

आता डोक्यात जाणारा किस्सा. महिला दिनाच्या कार्यक्रमात आमचा कॅनकॅन ठेवायचा म्हटल्यावर आयोजकांच्या कमिटीत खळबळ. "आक्षेपार्ह तर नाही ना?" मी म्हटलं, आत गुडघ्यापर्यंत चोळणे आहेत, तुमच्या लुंगीपेक्षा जास्त कापड आहे. तरी ठरलं, आधी पाहणी करायची.

त्या काळच्या पॅरिसलाही असंच होतं बरं का. नाचघरात म्हणे नीतीवर नजर ठेवायला माणूस यायचा. बायकांनी आत पुरेसं घातलंय की नाही ते बघायचा. बिचारा एकटा असेल. आमच्याकडे कमिटीतले सगळे पुरुष आले! एकदा बघून भागलं नाही, रोज यायला लागले. पुढच्या रांगेत बसायचे, चहा मागायचे आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "अजून निर्णय होत नाही. उद्या परत बघू."

माझं डोकं फिरलं होतं, पण कार्यक्रम हातचा जाईल म्हणून गप्प बसले. मंदा नाही बसली. एका संध्याकाळी तिने त्यांच्या सगळ्या खुर्च्या उचलून भिंतीकडे तोंड करून मांडल्या.

अध्यक्ष चमकले. "हे काय? दिसणार कसं?"

"नीती बघायची आहे ना साहेब? नुसती ऐकू आली तरी कळते."

परवानगी त्याच दिवशी मिळाली. कार्यक्रमही झाला. फक्त मंदाची आई वेवजीहून निघाली ती वाटेत अडकली आणि आमचं आटोपल्यावर पोचली. स्टेजवर नुसता माइक उभा होता. घरी जाताना मंदा एवढंच म्हणाली, "बाई, एकदा तरी आईनं बघायला पाहिजे. तिला वाटतं मी शहरात जाऊन काहीतरी भलतंच करते."

*

म्हणून सुधीरभाऊंचा फोन आला तेव्हा मी हुरळले. सुधीरभाऊ म्हणजे समुद्रालगतच्या चिकूच्या वाडीत रिसॉर्ट काढलेला माणूस. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सूर्यास्ताला 'पॅरिसची संध्याकाळ' करणार होते. म्हणाले, "बाई, तुमचा कॅनकॅन पाहिजे!" मंदाने फॅक्टरीत सुट्टी टाकली. आईला निरोप गेला.

दोन दिवस आधी जागा बघायला गेलो. मुंबईहून एक इव्हेंट मॅनेजर आला होता, कानात यंत्र, हातात आयपॅड. त्याने मंदाला आणि आमच्या बायकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इंग्रजीत सुधीरभाऊंच्या कानात काहीतरी बोलला. त्याला वाटलं, मला कळत नाही. मला सगळं कळतं!

मग सुधीरभाऊ गोड आवाजात म्हणाले, "बाई, कसं आहे, स्टेजला मुंबईच्या मुली येतायत. फ्रेंच लूक लागतो ना. तुमच्या बायका गेटवर त्यांचा आदिवासी तारपा नाच करतील. वेलकमला! पाव्हण्यांना तेच आवडतं."

"कॅनकॅन त्या शिकल्यात."

"हो, पण शोभायला नको का?"

शोभायला! पॅरिसच्या धोबिणी काय संगमरवराच्या होत्या? साबणाच्या पाण्याने हात फाटलेल्या बायका होत्या त्या! मी एवढी ओरडले की वाडीतली वटवाघळं उडाली असतील. सुधीरभाऊ म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." हे वाक्य ऐकलं ना, की हातात असेल ते फेकावंसं वाटतं.

मंदाने विचारलं, "भाऊ, माझी आई येणार आहे. तिला आत बसवाल?"

"आत पास लागतो गं. बाहेर बीच आहेच की, बसू दे तिथे."

मी म्हटलं, चला, काही नको आपल्याला. पण मंदा खाली बघत म्हणाली, "नाचू, भाऊ. तारपा घेऊन काकाला बोलावते."

तिचा मला फार राग आला. रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही.

*

मंदाचा काका तारपा वाजवतो. भोपळ्याचं, पुढे लांब शिंगासारखं तोंड असलेलं ते वाद्य. एकदा फुंकायला लागला की श्वास कधी घेतो ते समजत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मॅनेजर त्याला शिकवायला लागला!

"काका, तुम्ही कोपऱ्यात उभे राहा. बायका पब्लिककडे तोंड करतील."

काका म्हणाला, "तारप्याला पाठ नाय दाखवत."

"का?"

"नाय दाखवत. तारपा पुढं, नाचणारे त्याच्या मागं. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. मध्ये हात सोडायचा नाय."

मॅनेजर खूश झाला. "वाव! मग गेस्टनाही लाइनीत घेऊ. हात धरून. रील मस्त होईल!"

काकाने मंदाकडे बघितलं. मंदाने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण मी अजून रुसलेली होते.

ऊन उतरलं तसे पाव्हणे यायला लागले. पिसांच्या टोप्या, खोट्या मिश्या, चमचमत्या चपला. आत स्टेजवर पॅरिसच्या नाचघरावर असते तशी रंगवलेली पवनचक्की, तिच्यासमोर मुंबईच्या मुली तयार. गेटवर काकाने तारपा तोंडाला लावला. मंदा सगळ्यांत पुढे, मागे आमच्या बायका, एकमेकींच्या कमरेला हातांचा विळखा घालून. बायकांनी पाव्हण्यांना ओढून घेतलं. साखळी वाढत गेली. फोटोसाठी सुधीरभाऊही मध्ये शिरले. दोन्ही बाजूंना जाडजूड पाव्हणे, पक्के धरलेले!

काका गेटपाशी गोल फिरला, परत फिरला आणि सरळ बाहेर चालायला लागला. सुरूच्या झाडांमधून, वाळूच्या वाटेने समुद्राकडे. मंदा त्याच्यामागे आणि मंदामागे अख्खी पॅरिसची संध्याकाळ!

"अरे थांबा! प्रोग्राम आत आहे!" सुधीरभाऊ ओरडत होते, पण पाय ठेक्यात पडत होते, नाहीतर तुडवले गेले असते. मॅनेजर काकाच्या आडवा आला. "काका, स्टॉप! स्टॉप!" काका बोलणार कसा? तोंडात तारपा! त्याला वळसा घालून काका पुढे गेला, साखळीही वळसा घालून गेली.

ओल्या वाळूवर मंदाची आई एकटी बसली होती, मांडीवर पिशवी धरून. तिच्यासमोर जाऊन काका थांबला. सगळे थांबले. पाव्हणे धापा टाकत हसत होते, टाळ्या वाजवत होते.

स्कर्ट माझ्या खांद्यावरच्या झोळीत होते. का नेले होते, विचारू नका, माझा स्वभाव आहे. मंदाने लुगड्यावरूनच स्कर्ट चढवला. नाडी तिच्या आईने बांधली, घट्ट, दोनदा ओढून बघून. बाकीच्या बायकांनीही घातले. मी तोंडाने ताल धरला आणि मंदाने पाय फेकला.

काय नाचल्या! झालरी वाऱ्यावर, वाळू उडतेय, मंदा किंचाळत गिरक्या घेतेय. शेवटी उडी मारून सगळ्या एकदम वाळूत आदळल्या. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते आठवत नाही. मंदाची आई पुढे झाली, लेकीच्या केसांतली वाळू झटकली आणि म्हणाली, "दमलीस काय? अजून एकदा कर. माझं नीट बघून झालं नाय."

पाव्हणेही "वन्स मोअर" ओरडायला लागले. आत जायला कुणी तयार होईना. सुधीरभाऊंनी घाम पुसला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि मंदाजवळ आले. "वा, वा! चला आता, आत स्टेजवर करा तुम्हीच. आईलाही घेऊन ये. चल!"

मंदा वाळूतून उठली. स्कर्ट झटकला.

"आमचं इथं चाललंय, भाऊ. तुम्ही गेटवर उभे राहा. कुणी आलं तर इकडे पाठवा."