परक्या देशातल्या बांधावर

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीनं चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. शिस्तीचा माणूस म्हणून दिल्या आणि मलाही त्याचा अभिमान होता. पुढं जे सांगतो त्यात मात्र अभिमान नाही, कबुली आहे.

एका रविवारी उपासना संपून सगळे घरी गेले. मी फाटक लावत होतो, तेव्हा एक माणूस भिंतीला धरून उभा दिसला. कुठल्याशा ठेकेदाराकडं बाहेरच्या राज्यातून कामाला आलेला असावा. पाय लटपटत होते, बोलणं अडखळत होतं, ती भाषाही मला कळत नव्हती. पिऊन आला आहे, असं मी ठरवून टाकलं. हातानं रस्ता दाखवला आणि कुलूप घातलं. जेवताना बायकोला हे सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "वास आला होता का?" मी वरण ओढून घेतलं. वास येण्याइतका मी त्याच्या जवळ गेलोच नव्हतो.

त्यानंतर महिनाभरात आमच्या मंडळीतले सहा जण सेवाकार्यासाठी कंबोडियाला निघालो. तिथल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात सौर दिव्यांचं वायरिंग करायचं होतं, ते काम माझं. यमुनाबाई म्हणून अहेरीकडच्या एक नर्स आमच्यासोबत होत्या, त्यांच्याकडं तपासणीचं काम. विमानात सगळे प्रार्थना करत होते. मी डोळे मिटले खरे, पण आत काही हलेना. ज्याला फाटकातल्या माणसासाठी दोन पावलं टाकता आली नाहीत, तो समुद्रापलीकडं कोणाची सेवा करणार, हा प्रश्न माझ्यासोबतच विमानात बसला होता.

खेडं पाहून मात्र मला आमच्याकडची भातशेतीची झाडीपट्टीच आठवली. चारही बाजूंनी भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली वावरं, कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाया, मधेमधे ताडाची उंच झाडं. हात कामाला लागले तसा माझा जुना रुबाब परत आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इन्सुलिनची सुई घेतली आणि नाश्ता पुढं ढकलला. केबलचं एक बंडल चिखलात अडकलेल्या जीपमध्येच राहिलं होतं. दहा मिनिटांत घेऊन येतो, असं म्हणून मी बांधाबांधानं एकटाच निघालो.

अर्ध्या वाटेवर हात कापायला लागले. मला साखरेचा जुना त्रास, रक्तातली साखर एकदम उतरली हे मला समजलं होतं. पण खिशात गोड गोळी नव्हती आणि पाय ऐकत नव्हते. मोटारसायकलवरून दोघं जण आले. मी हात वर केला, काहीतरी बोललो. मी मराठीत बोललो की हिंदीत, तेही आठवत नाही. जीभ जड झाली होती, शब्द तोंडातच सांडत होते. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, हसले, आणि गाडी बाजूनं काढून निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मी बांधावर बसलो, मग आडवा झालो. ऊन डोळ्यांत जात होतं आणि मान वळवायची ताकद नव्हती. 'प्रभू, आता माझ्या हातात काही नाही,' एवढंच मनात आलं. इतकी लहान आणि इतकी खरी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नसेल.

मग माझं डोकं कोणीतरी मांडीवर घेतलं. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेली, माझ्याहून थोडी मोठी वाटणारी एक बाई होती. तिनं कमरेच्या पिशवीतून ताडाच्या गुळाचा खडा काढला, दातानं फोडला आणि बोटानं माझ्या गालाच्या आत चोळला. पुन्हा चोळला. मला गिळता येतंय असं दिसल्यावर तिनं गुळाचं पाणी घोट घोट पाजलं. डोळ्यांसमोरचं धुकं हळूहळू निवळलं. तिनं मला आधार देत झोपडीत नेलं, भाताची पेज पुढं ठेवली आणि मी ती संपवेपर्यंत समोरून उठली नाही. तिची अर्धी बांधी रोवायची राहिली होती.

यमुनाबाई मला शोधत आल्या. सोबत गावातले शिक्षक होते, तेच आमचे दुभाषी.

"भाऊ, सुई घेतली अन् जेवले काऊन नाई?" त्या रागावल्या आणि बोलताबोलताच माझी नाडी पाहू लागल्या.

मी म्हटलं, "बाई, आधी तिले विचारा, मले काय झालं ते तिले समजलं कसं?"

शिक्षकांनी विचारलं. ती बाई बराच वेळ बोलली. शिक्षकांनी यमुनाबाईंना इंग्रजीत सांगितलं आणि यमुनाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तिच्या नवऱ्याले हाच आजार होता म्हणे. असाच रस्त्यात पडला. येणाऱ्याजाणाऱ्या लोकायले वाटलं पिऊन पडला हाय. कोणी जवळ गेलं नाई, अन् तो तिथीच गेला. तवापासून ते कोणालेबी पडलेलं पाह्यलं का पह्यले जवळ जाते. गूळ कमरेलेच ठेवते."

मी त्या झोपडीत लहान मुलासारखा रडलो. बाईला वाटलं, अजून दुखतंय. ती पाठीवर हात फिरवत राहिली. यमुनाबाईंना मी तिथंच फाटकातल्या माणसाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला धीर दिला नाही की दोषही दिला नाही. "तिनं तुमचं नाव नाई विचारलं, भाऊ," एवढंच म्हणाल्या. "धर्म नाई, गाव नाई. मले फक्त इतकंच विचारलं, सकाळपासून यानं काई खाल्लं का."

घरी परतल्यावर मी त्या माणसाला शोधलं. ठेकेदारांना विचारलं, मजुरांच्या खोल्यांतून फिरलो, सरकारी दवाखान्यातही चौकशी केली. तो सापडला नाही. त्याला काय झालं होतं, तो खरंच प्यायलेला होता का, मला आजही माहीत नाही. हे ओझं उतरलेलं नाही, आणि उतरावं असं मी मागतही नाही.

यंदा महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत दुकानांच्या लायटिंगचं काम घेतलं होतं. दुपारी बांगड्यांच्या दुकानाशेजारी एक म्हातारी रडत बसलेली दिसली. तेलुगूशिवाय तिला काही येत नव्हतं, माणसांची चुकामूक झाली होती. दुकानवाले रहीमभाई म्हणाले, "भाऊ, पोलिसायले सांगून आलो. तुमी तुमचं काम करा, इथी काय करून राह्यले?"

"बसून राह्यलो," मी म्हटलं.

पक्कड पिशवीत टाकली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिला चहा आणि केळं दिलं. ती बोलत होती, मी मान हलवत होतो. एक शब्द कळत नव्हता आणि मला त्याची अडचणही वाटत नव्हती. तासाभरानं तिची लेक धावत आली, दोघी गळ्यात पडल्या आणि गर्दीतून वैनगंगेकडं गेल्या.

प्रभूनं माझ्यासाठी एका अनोळखी बाईला तिची रोवणी सोडायला लावली, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो. कोणाला वाचवायचं ते तो बघेल. मी फक्त जवळ जातो आणि बसतो.