टीझलचं मागचं अर्धं

होझी काकांची आई टीझल या कोळशाच्या बोटीवर वारली. कालवा गोठलेला, बोट बर्फात अडकलेली, आणि डॉक्टर बर्फावरून चालत येईपर्यंत सगळं संपलं होतं. ते राहायचे त्या मागच्या केबिनमधल्या बाकावर ती, आणि तिच्या पायाशी दहा वर्षांचे काका, तिचे पाय गरम राहावेत म्हणून तसेच चिकटून झोपलेले. त्या हिवाळ्यानं कोळशाच्या बोटींचा धंदाच बसला. मालकानं टीझल विकली आणि बापानं काकांना टिप्टन गावी मावशीकडे सोडलं. आईचा फोटो एकही नाही, थडग्यावर दगड नाही. काकांनी जन्मभर साखळ्यांच्या कारखान्यात काम केलं, लग्न केलं नाही, आणि कुठे राहता विचारलं की म्हणायचे, "सध्या जमिनीवर." साठ वर्षं झाली तरी सध्याच!

मग जुन्या बोटी दुरुस्त करणाऱ्या आमच्या मंडळाला टीझल सापडली. चिखलात रुतलेली, तळ गंजून चाळणी झालेला. आम्ही सगळे रविवारवाले, पगार नाही, फक्त चहा. मुकादम ग्लेनिस, आख्खा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेली आणि तोंडाची एकदम फटकळ. मी कॉलेजातून यायचे. माझं मृण्मयी हे नाव तिथे कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून मिनी. कालव्यावरची माणसं वयानं मोठ्या कुणालाही काका-मावशीच म्हणतात, म्हणून मलाही होझी हे काकाच.

काका दर रविवारी ब्रेड पुडिंग घेऊन यायचे.

"होझी, हे तळाला थापू या का? पत्रा बदलायचा खर्च वाचेल," ग्लेनिस म्हणायची.

"थाप की. तुझ्या वेल्डिंगपेक्षा जास्त टिकेल."

मग ते केबिनमध्ये जायचे. आत काही नव्हतंच हो, नुसता पोलादी डबा. जिथे बाक होता तिथे बादली उपडी घालून बसायचे आणि आईशी बोलायचे. खरंच, मोठ्यानं. गुडघा दुखतो, शेजारीण भांडते, आज तुझ्या बोटीला नवा पत्रा लागला. आम्ही तेवढा वेळ सगळी मशिनं बंद ठेवायचो. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच व्हायचं.

एका रविवारी काका अजून यायचे होते. मी ग्राइंडरनं बोटीच्या पत्र्यावरचं डांबर काढत होते.

"मिनी, ग्राइंडर आहे तो, कंगवा नाही! जोर लाव!" ग्लेनिस ओरडली.

लावला जोर. तर डांबराखालून एक रेघ निघाली. वरपासून तळापर्यंत सरळ, वेल्डिंगची. रेघेच्या पुढे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, दाट, मागे विरळ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ग्लेनिसनं बॅटरी मारून बघितलं आणि दोन्हीकडचे रिव्हेट मोजले.

"दोन बोटी आहेत या," ती म्हणाली. "धंदा बसल्यावर बोटी विकत घेणारे असं करायचे. एकीचं पुढचं चांगलं, दुसरीचं मागचं चांगलं, कापून जोडायचे. टीझलचा नंबर पुढच्या पत्र्यावर आहे, म्हणजे पुढचं अर्धं टीझल. मागचं नाही."

"पण केबिन मागे आहे."

"केबिन कुठे असते ते मला कळतं गं."

"मग परत डांबर लावू या ना! आत्ता लगेच! त्यांना कळणारच नाही!"

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण तिनं डांबराचा डबा उघडून ब्रश बुडवला. आणि तेवढ्यात मागून काकांचा आवाज, "काम अर्धं टाकून डांबर कोण लावतं?"

"जुनी दुरुस्ती आहे, होझी. काही नाही."

काकांनी पुडिंगचा डबा माझ्या हातात दिला. रेघेवरून हात फिरवला. पुढच्या रिव्हेटांवर तळवा ठेवला, मग मागच्या. खूप वेळ ठेवला.

"आमचं मागचं कुठे गेलं?"

"भंगारात गेलं असेल," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणजे कोळसा ठेवायचो ते राहिलं. आम्ही राहायचो ते गेलं."

मी रडायलाच लागले. "काका, पण बोट टीझलच आहे ना, नाव तर तेच आहे..."

"नाव काय, रंगवता येतं पोरी."

मग माझ्याकडे बघून इतकं साधं विचारलं त्यांनी, बस कधी येते विचारावं तसं, "मग इतके रविवार मी कुणाच्या आईशी बोलत होतो?"

त्यानंतर ते आलेच नाहीत. ग्लेनिस त्यांच्या घरी जाऊन आली. म्हणाली, चहा दिला, फुटबॉलवर बोलला, बोटीचं नाव काढलं नाही. आम्ही काम पुरं करत आणलं, पण मजा गेली होती सगळी.

बोट पाण्यात उतरायच्या आधीच्या रविवारी मी केबिनमध्ये रंग लावत होते. बाहेरून पत्र्यावर टकटक झाली.

"कोण आहे? या की!"

कुणी आलं नाही. डोकं बाहेर काढलं तर काठावर काका, टोपी हातात.

"काका! या ना आत, बाहेर का उभे?"

"दुसऱ्याच्या केबिनमध्ये असं शिरत नाहीत, मिनी. पत्र्यावर वाजवायचं आणि थांबायचं. घरची बाई ये म्हणाली, तरच जायचं."

"मी म्हणतेय ना, या!"

"तू घरची बाई नाहीस गं." रागानं नाही, समजावून सांगितलं. "कुणाची होती ही केबिन, कळलं का काही?"

"नाही काका. शोधलं आम्ही."

"हं."

मला वाटलं आता जातील. पण ते थांबले. टोपी तशीच हातात धरून, माझ्या मागे, आत बघत. आत कुणी कामात असलं आणि दाराशी यायला वेळ लागत असला की आपण थांबतो ना, तसं. मी दारातून बाजूला झाले.

बऱ्याच वेळानं त्यांनी टोपी घातली आणि कालव्याच्या वाटेनं पुलाकडे निघून गेले.