हद्दीबाहेरची सभासद

सव्वीस वर्षं चर्चमधल्या वेदीवरची कापडं तिनेच धुतली, खळ घालून कडक इस्त्री केली. लाँड्रीत नोकरी, त्यामुळे हाताला सवय होती. नवरा गेल्यावर ती मुलीकडे, रुळांपलीकडच्या वस्तीत राहायला गेली, तरी दर शनिवारी दोन बस बदलून यायची. "मी इथली सभासद आहे," असं कुणालाही ठसक्यात सांगायची.

या वर्षीच्या सभेत पाळकांची बदली करायची का, यावर मतदान होतं. तिला पाळक हवे होते. नवऱ्याच्या आजारपणात ते रोज येऊन बसत. तिने बदलीच्या विरोधात हात वर केला.

मतं मोजणारी चिटणीस तिची सख्खी नणंद. ती तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, हात खाली घ्या. तुमचं मत धरता येणार नाही."

"का?"

"सभासद म्हणजे आपल्या हद्दीत राहणारा, वहीत नाव असलेला. तुम्ही चार वर्षांपूर्वी हद्दीबाहेर गेलात. तुमचं नाव वहीत नाही."

"कुणी काढलं?"

"मीच. नियमच तसा आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

नणंद नजर चुकवत पुटपुटली, "सांगितलं असतं तर तुम्ही येणं बंद केलं असतं. मग कापडांचं कुणी बघितलं असतं?"

नियमाचं तिला एवढं वाईट वाटलं नाही. पण ही बाई चार वर्षं दर शनिवारी तिला चहा देत होती, 'आमच्या वहिनींशिवाय चर्चचं पान हलत नाही' म्हणत होती, आणि एकदाही बोलली नव्हती. ती उठली, कापडांच्या कपाटाची किल्ली नणंदेच्या हातात ठेवली आणि मागे न बघता निघाली. पाळकांची बदली दोन मतांनी झाली, हे तिला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी ती मुलीच्या घराजवळच्या चर्चमध्ये गेली. तिथल्या पाळकांनी आपुलकीने विचारलं, "आमच्या सभासद व्हाल का?"

"आधी सभासद म्हणजे काय ते सांगा," ती म्हणाली. "आणि नाव काढायचं झालं तर मला तोंडावर सांगाल का, तेही."

पाळक गोंधळले, पण त्यांनी सगळं नीट समजावलं. नाव लिहून होईपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.

नणंदेचे फोन येतात, ती उचलत नाही. नव्या चर्चमध्ये सगळे तिला पुढे बोलावतात. ती मात्र अजून दाराजवळच्या बाकावरच बसते.